विंडमिल : न थांबलेली बॅकस्पिन (प्रकल्प नोंदी)

काम : ब्रेकिंगमधल्या विंडमिल (पाय फाकवून हात-खांदे-पाठ यांवरून लोळत सलग फिरणं) या चालीची मराठी सराव-पुस्तिका आणि सोबत मंद गतीचे व्हिडिओ. ज्याला किंवा जिला बॅकस्पिन, म्हणजे पाठीवर गरागरा फिरणं, येते, पण विंडमिल अर्ध्या फेरीत मोडते, त्यांच्यासाठी.

शनिवार, ५ जुलै २०२५

आधी शब्द ठरवले. मराठीत ‘ब्रेक डान्स’ म्हटलं की यंत्रमानवासारखे झटके देणारा आणि एका हातातून दुसऱ्या हातात लाट सोडणारा नाच डोळ्यांपुढे येतो. गॅदरिंगला आणि गणपतीच्या मांडवात बहुतेकांनी तोच पाहिलेला आहे. त्याचं खरं नाव पॉपिंग, आणि तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, कॅलिफोर्नियातला. पाठीवर, खांद्यावर, हातांवर फिरणारा जमिनीवरचा नाच न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये घडला. तो नाचणारे त्याला ब्रेकिंग किंवा बी-बॉइंग म्हणतात. ‘ब्रेकडान्स’ हा शब्द रुळवला वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने. पुस्तिकेत सगळीकडे ‘ब्रेकिंग’, आणि नाचणारे ते बी-बॉय नि बी-गर्ल.

‘पवनचक्की’ असं लिहून पाहिलं होतं. कानाला बरं वाटतं, पण सरावाच्या जागी तो शब्द कुणाच्या तोंडात नाही. तिथे ‘मिल’च चालतं. चालींची नावं आहेत तशी ठेवायची आणि वर्णन मात्र अस्सल मराठीत करायचं : टेकणं, लोळणं, झोकणं, भिरकावणं. या क्रियापदांची आपल्याकडे वाण नाही.

मंगळवार, ८ जुलै

शिकवण्याच्या क्रमावर बराच वेळ गेला. बहुतेक ठिकाणी विंडमिलची सुरुवात स्टॅबपासून होते, म्हणजे कोपर पोटात रुतवून अंग हातावर तोलण्यापासून. त्याने मुलं स्टॅबमध्ये छान तरंगायला शिकतात आणि तिथेच अडकतात. खाली यायचं म्हटलं की धपकन पडतात, कारण पाठीवर आल्यावर पुढे काय करायचं हे अंगाला ठाऊकच नसतं.

आपण बॅकस्पिनपासून सुरुवात करायची. चाल जन्माला आली तीही अशीच. विंडमिलचं श्रेय रॉक स्टेडी क्रू या ब्रॉन्क्सच्या नाचणाऱ्यांच्या गटातल्या क्रेझी लेग्जला, म्हणजे रिचर्ड कोलोनला दिलं जातं. सांगतात ते असं : तो चेअर फ्रीझमधून (फ्रीझ म्हणजे एका पवित्र्यात गोठल्यासारखं थांबणं) बॅकस्पिनमध्ये उतरायचा सराव करत होता. एकदा जोर जास्त झाला, अंग पाठीवर थांबलं नाही, पुढे उलटून पुन्हा पहिल्या जागेवर आलं. मग तेच त्याने मुद्दाम पुन्हा पुन्हा केलं. जुने बी-बॉय या चालीला ‘कंटिन्युअस बॅकस्पिन’ म्हणत, त्याचा उगम इथे आहे.

शिकणाऱ्याला हे नाव हजार सूचनांपेक्षा उपयोगी पडेल. विंडमिल म्हणजे थांबू न दिलेली बॅकस्पिन. हात फक्त पुढच्या फेरीचं दार उघडायला येतात. हे वाक्य पहिल्या पानावर घ्यायचं.

बॅकस्पिनची पात्रता अशी ठरवली : पाठीच्या वरच्या भागावर, कंबर उचललेली ठेवून, ३ पूर्ण फेऱ्या. खालची पाठ जमिनीला लागत असेल तर पुढचं पान उलटायचं नाही.

शनिवार, १२ जुलै

जमीन. ब्रॉन्क्सच्या मुलांनी फ्रिजचे खोके फाडून फुटपाथवर अंथरले, कुठे लिनोलियमचा (जमिनीवर पसरायच्या गुळगुळीत अंथरणीचा) तुकडा मिळाला तर तो गुंडाळून खांद्यावर घेतला. काँक्रीट कातडी सोलतं आणि फिरूही देत नाही, म्हणून ही सोय. लिनोलियम हातात धरून गल्लीतून जाणारी मुलं हे त्या काळाचं ओळखीचं चित्र.

आपल्याकडचे पर्याय तपासले. शहाबादी फरशी बाद : पृष्ठभाग खडबडीत, सांधे वर आलेले, खांद्याचं हाड सांध्यावर आपटतं. कोब्यावर कपडे घासून फाटतात. गुळगुळीत टाइल चालते, पण पाण्याचा एक थेंब पडला तरी स्टॅबचा हात सटकतो आणि हनुवटी खाली येते. लाकडी किंवा व्हिनाइल अंथरलेली जमीन सगळ्यात चांगली. व्यायामशाळेतली जाड फोमची गादी मऊ वाटते म्हणून मुलं तिच्याकडे धावतात. पण खांदा तिच्यात रुततो, फेरी अडते, आणि मग शिकणारा मानेने जोर लावून उलटायला बघतो. गादी फक्त पडण्याच्या सरावाला.

पुठ्ठा घ्यायचा तर ५ पदरी, फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितला की मिळतो. चौकोन निदान ६ फूट बाय ६ फूट हवा, कारण पाय फाकवून फिरताना माणूस एका जागी राहत नाही, दर फेरीला थोडा सरकतो. दोन तुकडे जोडताना चिकटपट्टी खालून लावायची. वरून लावली की तिची कड बाहीत अडकते.

पावसाळ्याची खास नोंद. हवेतल्या ओलीने पुठ्ठा फुगतो आणि वरचा कागद मऊ पडतो. आठ दिवस भिंतीला टेकवून ठेवलेल्या पुठ्ठ्यावर हात फिरवला तर ब्लँकेटसारखी लव लागते. त्यावर बाही घसरत नाही, ओढली जाते. अशा पुठ्ठ्यावर ज्याची मिल अडते त्याला वाटतं, आपलंच तंत्र चुकतंय. जून ते सप्टेंबर पुठ्ठा आडवा, गादीखाली ठेवायचा. नाहीतर सरळ व्हिनाइलचा तुकडा घ्यायचा.

शनिवार, १९ जुलै

स्टॅब. पुस्तिकेत सगळं डाव्या स्टॅबचं लिहायचं, डावखुऱ्यांसाठी एकच ओळ : डावं-उजवं बदलून वाचा.

डाव्या हाताची बोटं बाहेरच्या बाजूला वळवून तळवा टेकायचा. कोपर बरगडीत नाही. बेंबी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, मऊ जागी. कोपर बरगडीखाली गेला तर श्वास कोंडतो आणि अंग पुढे कलतं. फार बाहेर गेला तर अंग त्याच्यावरून घसरतं. उजवा तळवा डोक्याच्या पुढे, खांद्याच्या रेषेत, हलका. त्याच्यावर वजन नाही, तो फक्त तोल धरतो.

पाय रुंद फाकवलेले, गुडघे ताठ, दोन्ही पावलं जमिनीपासून वर. १० सेकंद स्थिर राहता आलं की पुरे. मिनिटभर टिकवायच्या भानगडीत पडू नये. विंडमिलमध्ये स्टॅब पापणी लवेपर्यंतच असतो.

मनगटाची तयारी आधी : तळवे टेकून पुढे-मागे झुकणं १५ वेळा, मुठी करून गोल फिरवणं दोन्ही दिशांना १० वेळा. बोटं बाहेर वळवून पूर्ण वजन घेणं ही मनगटाला रोजची सवय नाही. तयारीशिवाय बसलेला स्टॅब दोन दिवस भाकरी थापू देत नाही.

मंगळवार, २२ जुलै

स्टॅबमधून खाली उतरणं. मंद गतीत पाहिलं की घाबरणारा आणि सरावलेला यांच्यातला फरक इथेच स्पष्ट दिसतो. सरावलेल्याचा डावा हात दुमडत जातो आणि अंग त्याच्यावरून लोळतं : आधी हाताची बाहेरची कड, मग दंडाची मागची बाजू, मग खांद्याचा मांसल भाग, मग पाठीचा वरचा पट्टा. एक भाग उचलला जाण्याआधी पुढचा टेकलेला असतो, त्यामुळे आवाज होत नाही. घाबरणारा कोपर काढून घेतो आणि हवेतून खांद्यावर पडतो. ‘धप्’ असा आवाज आला की चूक तिथेच आहे. डोळे मिटूनही ओळखता येते.

उतरताना डावा पाय खालून जोरात झाडून जातो आणि उजवा वर उचलला जातो. फेरीचा पहिला वेग या झाडण्यातून मिळतो. सरावाला आधी अर्धी फेरी : स्टॅब, लोळणं, पाठीवर येऊन थांबणं. १० वेळा. निळसर डाग पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : खांद्याच्या फऱ्याची कड, कमरेच्या हाडाची बाहेरची बाजू आणि मानेच्या मुळाशी मणक्याचा वर आलेला उंचवटा. पहिल्या दोन जागांना पॅड लावता येतं. तिसरी जागा दुखली तर पॅड शोधू नये. वजन खांद्यांऐवजी मानेवर येतंय असा तो इशारा आहे. सराव तिथेच बंद करून लोळण्याचा मार्ग दुरुस्त करायचा.

शनिवार, २६ जुलै

आज पुस्तिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं पान : पाठीवरून पुन्हा पालथं होणं. दहापैकी नऊ मिल इथे मरतात असं म्हटलं तर सरावाच्या जागेवरचं कुणीही मान डोलावेल.

पाठीवर आल्यावर शरीराची इच्छा असते बसकण मारायची. कंबर खाली येते, गुडघे वाकतात, पाय जवळ येतात, आणि फेरी संपते. या तीन गोष्टी वेगवेगळ्या चुका म्हणून शिकवल्या जातात, पण त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत. कंबर पडली की खालची पाठ टेकते. टेकलेली जागा वाढली की घर्षण वाढतं. घर्षणाने पाय मंदावतात, आणि मंदावलेले पाय जड वाटतात म्हणून माणूस ते पोटाशी घेतो. दुरुस्त करायची पहिली कडी. कंबर वर, इतकी वर की पाठीवर असताना जमिनीला फक्त खांदे आणि पाठीचा वरचा पट्टा लागतो.

पाय रुंद का, याचं उत्तर बॅकस्पिनशी तुलना करून देता येतं. बॅकस्पिनमध्ये गुडघे छातीशी ओढले की वेग वाढतो, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच मुलं मिलमध्येही पाय ओढून घेतात. पण बॅकस्पिनला एकाच जागी गरागरा फिरायचं असतं. मिलला अंग उलटवायचं असतं, त्याला लांबून येणारी ओढ लागते. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतं : तोच पाय अक्षापासून दुप्पट लांब असेल तर फेरीत त्याचं वजन चौपट मोजलं जातं. लांब फेकलेला ताठ पाय धडाला आपल्यामागे ओढत नेतो. 

क्रम असा. पाठीवर येताच नजर उजव्या खांद्याकडे. डावा पाय छताकडे नाही, उजवीकडे आडवा भिरकावायचा, जणू डाव्या पावलाने उजव्या बाजूची भिंत पुसायची आहे. डावी कंबर त्याच्यामागून उलटते. अंग उजव्या खांद्यावर चढतं, उजवा तळवा डोक्याशेजारी टेकतो, डोक्याचा पुढचा भाग जमिनीला शिवतो, आणि त्या क्षणी डावा हात पोटाखाली घुसून स्टॅबला तयार. डोकं शिवतं, टेकत नाही. वजन हातांवर आणि खांद्यावर. कपाळ आणि टाळू यांच्या मधली, केस सुरू होतात ती जागा लागली पाहिजे. टाळू लागली तर मान सरळ दाबली जाते.

व्हिडिओसाठी हा टप्पा तीन कोनांतून घेतला : डोक्याकडून, बाजूने आणि वरून. वरून घेतलेल्या चित्रात पायांचा इंग्रजी ‘व्ही’ पूर्ण फेरीभर उघडा राहिलेला दिसतो. तो एकदा नीट पाहिला की बरंच काही सांगावं लागत नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

चुका आणि कारणं. तक्ता करून पाहिला, पण निर्जीव वाटला. संवादासारखं लिहायचं ठरलं.

पालथं होताना कंबर जमिनीवर आपटते? डावा हात उशिरा पोहोचतोय. अंग खाली येण्याआधी कोपर जागेवर हवा. पहिली फेरी होते, दुसरी मरते? स्टॅबमध्ये थांबण्याची सवय लागली आहे. स्टॅबवरून थेट लोळायचं, तिथे विसावा नाही. दर फेरीला एकाच दिशेने सरकत पुठ्ठ्याबाहेर जाणं? उतरण्याचा झोक कमी आणि भिरकावणं जास्त, किंवा उलट; दोन्हींचा जोर सारखा झाला की सरकणं कमी होतं. चक्कर येते? नजर फिरती ठेवा, पण दिवसाला २० मिनिटांच्या वर मिल नको. मान दुखते? आठवडाभर बंद.

एक चूक दिसत नाही : श्वास धरणं. चौथ्या-पाचव्या फेरीत जीव घाबरा होतो, तो दमामुळे नाही. स्टॅबला श्वास सोडायचा, पाठीवर घ्यायचा.

सोमवार, ११ ऑगस्ट

तारीख बघून आज इतिहासाचं पान घेतलं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेलने शाळा सुरू होण्याआधीची पार्टी ठेवली. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. गाण्यात गायक थांबून ढोल-बेस मोकळे सुटतात त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात, आणि त्यावर नाचणारी मुलं चेकाळतात हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो ब्रेक लांबवू लागला. त्या ब्रेकवर नाचणारे ते बी-बॉय.

नाच सुरुवातीला बराचसा उभ्यानेच होता, मग तो खाली उतरला : फूटवर्क (हात टेकून केलेलं पायांचं काम), फ्रीझ. रॉक स्टेडी क्रू १९७७ मध्ये ब्रॉन्क्समध्ये सुरू झाला. सत्तरीच्या शेवटी अनेक कृष्णवर्णीय मुलांना हा नाच जुना वाटू लागला होता. त्या वेळी तो जिवंत ठेवण्यात प्वेर्तो रिकन मुलांचा मोठा वाटा होता. क्रेझी लेग्ज त्यांच्यातलाच. विंडमिलसारख्या चाली याच पिढीच्या. चढाओढ क्रू-क्रूंमध्ये होती, आणि समोरच्याने न पाहिलेलं काही दाखवलं तरच वर्तुळात, म्हणजे सायफरमध्ये, मान मिळे.

१९८१ च्या उन्हाळ्यात मॅनहॅटनच्या लिंकन सेंटरच्या आवारात रॉक स्टेडी आणि डायनॅमिक रॉकर्स या दोन क्रूंची बॅटल, म्हणजे नाचाचा सामना, झाली आणि मोठ्या वृत्तसंस्थांची नजर तिकडे वळली. १९८३ च्या ‘फ्लॅशडान्स’ चित्रपटात रॉक स्टेडीची मुलं रस्त्यावर नाचताना काही क्षणच दिसतात. शेवटच्या ऑडिशनमधली नायिकेची बॅकस्पिन तर खुद्द क्रेझी लेग्जने विग घालून केलेली आहे. ज्या बॅकस्पिनमधून विंडमिल निघाली ती जगाने पाहिली ती अशी, दुसऱ्याच्या नावावर. आमच्या मते हे पुस्तिकेत ठळक छापलं पाहिजे.

फ्लेअर ही हातांवर तोलून पाय गोल फिरवायची चाल पॉमेल हॉर्सवरच्या (दोन मुठींच्या घोड्यासारख्या साधनावरच्या) जिम्नॅस्टिक्समधून आली, तिच्यामागे प्रशिक्षक आणि सभागृहं होती. विंडमिलच्या मागे पुठ्ठा होता.

शनिवार, १६ ऑगस्ट

कपडे आणि संगीत. नायलॉनचा ट्रॅकसूट ही ऐंशीच्या दशकातली नुसती फॅशन नव्हती. नायलॉन लिनोलियमवर घसरतं, सुती टी-शर्ट घामाने ओला होऊन चिकटतो. लांब बाहीचं पातळ विंडचीटर पुरेसं. चेन किंवा बटण पाठीकडे असलेला कपडा नको. कानटोपी विणलेली, शिवण डोक्याच्या मध्यावर न येणारी.

मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं धरलं तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. चांगल्या वेगातली एक मिल साधारण सेकंदभर, म्हणजे दोन ठोके. चार मिल, आठ ठोके, आणि नवव्या ठोक्याला फ्रीझ. ही मोजणी पहिल्या दिवसापासून. नाहीतर पंखा फिरतो तशी मिल फिरते, आणि बघणारा टाळ्या वाजवतो पण गाणं कुठलं होतं ते त्याला आठवत नाही.

पुढचे प्रकार पुस्तिकेत फक्त नावापुरते : हात छातीवर घडी घातलेली ममी, मांड्यांवर ठेवलेले हात म्हणजे एगबीटर, पाठीमागे बांधल्यासारखे हात म्हणजे हँडकफ, पाय दुमडून घेतलेली मंचमिल, पाय जुळवून ताठ धरलेली टूमस्टोन. यातले बिनहाती प्रकार एकच गोष्ट सिद्ध करतात : विंडमिल हातांवर चालतच नाही. म्हणून साधी मिल सलग ८ झाल्यावर ममी करून पाहायची. हात वापरण्याची चोरी तिथे लगेच पकडली जाते.

शनिवार, २३ ऑगस्ट

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या समारोपात ब्रेकिंग करणारी मुलं मैदानात उतरली होती, करमणूक म्हणून. ४० वर्षांनी पॅरिसमध्ये, ९ आणि १० ऑगस्ट २०२४ ला प्लास द ला काँकोर्दवर, पदकांसाठी. सुवर्ण बी-गर्लमध्ये जपानच्या अमीला आणि बी-बॉयमध्ये कॅनडाच्या फिल विझार्डला. परीक्षक ९, निकष पाच : तंत्र, चालींचा साठा, सादरीकरणातली सफाई, संगीताची जाण, स्वतःचं वेगळेपण, प्रत्येकाला २० टक्के. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग नाही.

या निकषांत नुसत्या विंडमिलला फार काही मिळत नाही, ती सगळ्यांनाच येते. ती कशातून सुरू केली, कुठे मोडली, कुठल्या ठोक्यावर सोडली यावर गुण. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईला रेड बुल बीसी वन या ब्रेकिंग स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी झाली, तिथे नेदरलँड्सचा मेनो जिंकला. त्याची ताकद फेऱ्या मोजून कळत नाही. तो चाल अर्ध्यात वळवून भलतीकडेच नेतो. मराठी मुलांना त्याच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा पाहायला सांगायचं.

शनिवार, ३० ऑगस्ट

शेवटचं पान : बाहेर पडणं. सोपी वाट बेबी फ्रीझ. स्टॅबला आल्यावर पुढची फेरी न घेता उजव्या हाताचा कोपर वाकवायचा, उजवा गुडघा त्याच्यावर टेकायचा, डोक्याची बाजू जमिनीला. पाय रुंद असताना थांबायचं नाही, अंग कडेने सांडतं. आधी पाय आवळायचे. बॅकस्पिनमधला तो गुडघे ओढण्याचा सराव इथे कामाला येतो. दुसरी वाट पाठीवर असतानाच पाय छातीशी घेऊन साधी बॅकस्पिन करायची आणि चेअर फ्रीझमध्ये थांबायचं. पुस्तिकेत दुसरी वाट आधी छापायची.

छपाईआधी राहिलेलं : वरून घेतलेल्या चित्रात डावा-उजवा पाय दोन रंगांच्या मोज्यांत हवा, पुन्हा चित्रीकरण मंगळवारी. पुठ्ठा बदललेला आहे.